एका फेऱ्याला एक माणूस

धुकं असं दाटलं होतं की रस्त्यावरच्या दिव्यांचे नुसते पिवळे डाग दिसत होते. थंडी तर अशी, की लोखंडाला हात लावावा आणि कातडी तिथंच राहावी. अशा सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर एक माणूस रस्त्यातलं बिडाचं झाकण पहारीनं उचकटतो, पायानं बाजूला सारतो आणि जवळजवळ स्वतःएवढी उंच लोखंडी चावी त्या खड्ड्यात उभी सोडतो. खालच्या दांड्यावर ती बसली की टक्क असा आवाज येतो. तो आला की हा मफलर सैल करतो, आडवी मूठ दोन्ही हातांनी धरतो आणि पहिला फेरा देतो. मग थांबतो. ओठ हलतात. पुन्हा एक फेरा. पुन्हा थांबतो.

याला सगळे चावीकाका म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या वेळी तेवढं ऐकू येतं, आणि तेव्हाही तो क्षणभर इकडेतिकडे बघतो.

काम सांगायला सोपं आहे. गावाबाहेरच्या उंचवट्यावर टाकी. रात्रभरात ती भरते, सकाळी काका ती वाटतो. आधी बाजाराची चावी उघडायची, कारण बेकरी, न्हावी, चहावाली यांचा दिवस लवकर सुरू होतो. ठरलेला भोंगा झाला की बाजार बंद करायचा आणि टेकडीवरच्या गल्लीची चावी उघडायची. टेकडी जवळपास टाकीच्याच उंचीची. टाकी निम्म्याच्या वर आहे तोवर पाणी तिथं चढतं. निम्म्याखाली गेली की टेकडीच्या नळांना नुसता वारा मिळतो.

ही सगळी विद्या त्याला वस्तादांनी दिली. वस्ताद म्हणजे आधीचे चावीवाले. काका कामाला लागला तेव्हा अंगात मस्ती होती. चावी घुसळून मोकळं व्हायचं, एवढंच त्याला कळायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं बाजाराची चावी अशी काही फिरवली की पाइपातली हवा अडकली, पाणी मागून धडकलं आणि न्हाव्याच्या दुकानासमोर जमीनच फुटली. आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी खुर्चीवर चढून उभं. न्हावी वस्तरा उंच धरून, जणू पाण्यालाच भादरणार आहे.

वस्ताद रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी खड्ड्यापाशी उकिडवे बसून म्हणाले, "एका फेऱ्याला एक माणूस घ्यायचा."

"म्हणजे?"

"एक फेरा दे. मग थांब, आणि एका माणसाचं देवाला सांग. कोण आजारी आहे, कोण अडलंय, कुणाच्या घरात भांडण पेटलंय. नीट सांग, घाईत नको. तुझं सांगून होईस्तोवर हवा निघून जाते. मग दुसरा फेरा, दुसरा माणूस."

"आणि देव ऐकतो?"

"पाइप तरी ऐकतो," वस्ताद म्हणाले. "देवाचं तू बघ."

आता वस्तादांनी हे निव्वळ पोरानं दमानं घ्यावं म्हणून सांगितलं, की त्यांच्या मनात आणखी काही होतं, हे काकानं कधी विचारलं नाही. सुरुवातीला तो नावं घ्यायची म्हणून घ्यायचा. पण रोज सकाळी, अंधार फिटायच्या आत, दुसऱ्याचं दुखणं तोंडानं बोलायचं म्हणजे त्याआधी ते ठाऊक असावं लागतं. मग तो विचारू लागला. बेकरीवाल्याची आई कशी आहे, चहावालीच्या मुलाला काम लागलं का. विचारता विचारता त्या माणसांचं त्याला खरंच वाटू लागलं, आणि ज्याच्याशी रोज बोलतोय तो पलीकडे आहे, हेही कधीतरी वाटू लागलं. नेमकं कधी, ते त्याला सांगता येणार नाही. स्वतःसाठी मात्र त्यानं कधी फेरा वापरला नाही. ते त्याला सरकारी चावी घरकामाला वापरल्यासारखं वाटायचं.

अशा गोष्टी बाजारात लपत नाहीत. आधी चहावालीनं ओठ हलताना पाहिले आणि विचारलं. मग तिच्या मुलाला काम लागलं. आणि मग काय, खड्ड्याभोवती बादल्यांच्या आधी माणसं येऊ लागली.

"काका, सासूबाईंचा गुडघा घ्या की आज," न्हावी दारातून ओरडायचा.

"कालच घेतला ना?"

"काल उजवा घेतलात. आज डावा धरलाय."

"मग दोन्ही एकदमच सांगायचे होते! देवाला काय सुटा हिशेब द्यायचा?"

काकाला नाही म्हणता येत नसे. लग्न अडलेली मुलगी, परीक्षेला बसलेला भाचा, हरवलेली म्हैस, न बोलणारा नवरा. उघडायचे फेरे संपले तरी माणसं उरू लागली. एकदा शाळामास्तरांच्या बायकोचा भाऊ असाच राहून गेला, आणि बाईंनी भर रस्त्यात त्याला धरलं. "आमचंच बरं राहतं हो तुमच्याकडून!" काका ओशाळला. त्या दिवसापासून उघडताना उरलेली माणसं तो बंद करताना घेऊ लागला. तिथंही एका फेऱ्याला एक. पुढं एकाला दोन, तीन.

घरी बायको म्हणायची, "साऱ्या गावाची दुखणी डोक्यावर घेऊन फिरता, आणि आणायला सांगितलेला साबण तेवढा विसरता."

"साबणाचं देवाला सांगायचं राहिलं," काका म्हणायचा. ती पाठ फिरवून हसायची, पण साबण आणायला त्यालाच परत पाठवायची.

मग वस्तादांना झटका आला. अर्धं अंग गेलं, बोलणं जवळजवळ गेलं. टेकडीवरच्या गल्लीत, वरून दुसऱ्या घरात, त्यांची लेक त्यांना सांभाळू लागली. घरीच शिवणाचं मशीन टाकून तिनं दोघांचं पोट चालवलं. काकानं त्या दिवसापासून बाजार बंद करतानाचा शेवटचा फेरा वस्तादांसाठी राखला. त्या फेऱ्याला तो सगळ्यात जास्त वेळ थांबायचा. डोळे मिटून, मुठीवर कपाळ टेकून. न्हावीसुद्धा तेव्हा रेडिओ बारीक करायचा.

आणि साधारण त्याच सुमाराला टेकडीचं पाणी कमी होऊ लागलं.

आधी धार बारीक झाली. मग थोडा वेळ यायची आणि थांबायची. मग नळ नुसतेच खोकू लागले. काकानं कचेरीत सांगितलं. साहेब येऊन पाहून गेले, पाइप जुना आहे, आतून गंजला असणार, बदलायचा प्रस्ताव पाठवतो म्हणाले. गंज तर होताच, त्यामुळे कुणाला ते खोटं वाटलं नाही. आपल्या हातात होतं तेवढं झालं, असं समजून काकानं उरलेलं देवावर सोपवलं. बाजाराच्या चावीवर त्यानं आणखी एक नाव वाढवलं, आख्ख्या टेकडीचं.

शुक्रवारी तो वस्तादांना भेटायला वर गेला. दार उघडंच होतं. खोलीत औषधाचा आणि ओल्या अंथरुणाचा वास. वस्ताद कुशीवर होते, पाठीला जखमा झालेल्या. लेक कोपऱ्यात एका घमेल्यात चादर चोळत होती, आणि त्या घमेल्यातलं पाणी आधी कशाकशाला वापरून झालं होतं ते त्याच्या रंगावरून कळत होतं.

"बसा काका," ती म्हणाली. "चहा नाही देणार. पाणी पिण्यापुरतंच आहे."

"अगं, मी काय चहाला आलोय?"

"सोमवारी गाडी येणार आहे. वृद्धाश्रमाची. बाबांना नेणार आहेत."

काकाला आधी कळलंच नाही. मग तो खाटेच्या कडेवर टेकला. "का पण?"

"का म्हणजे? दिवसातून चार वेळा अंथरूण खराब होतं. जखमा धुवायच्या असतात. खालून दोन डबे भरून पायऱ्या चढते, परत उतरते, परत चढते. मशीन बंद पडलंय माझं. हे असंच चाललं तर यांच्या आधी मी झोपेन." ती चादर पिळायला उठली. चादर एकटीनं पिळता येत नाही. काकानं दुसरं टोक धरलं. दोघं विरुद्ध दिशांना पीळ देत राहिले.

"मी रोज घेतो गं वस्तादांना," तो हळूच म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही."

"ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे." तिनं चादर त्याच्या हातातून ओढून घेतली. "त्यांना घेऊ नका काका. त्यांना पाणी द्या."

वस्तादांचे डोळे उघडे होते. ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

त्या दिवशी काका जेवला नाही. बायकोनं विचारलं, त्यानं सांगितलं. तिनं नेहमीसारखा टोमणा मारला नाही, ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "मग आता?" इतकी वर्षं लोकांचं एवढं मागितलं, आणि ज्यानं मागायला शिकवलं त्याचंच अंथरूण कोरडं करता येऊ नये? ऐकणारा झोपलाय की आपल्याच तोंडात काही राहिलं नाही?

शनिवारी सकाळी तीच लेक डबे घेऊन बाजारात आली. रोज ती उशिरा यायची, सार्वजनिक नळावरची गर्दी ओसरल्यावर. आज लवकर आली होती, आणि नळाला रांग होती. चहावालीच्या बाकावर बसून ती वाट बघू लागली. भोंगा झाला. काकानं बाजार बंद करायला चावी लावली.

एक फेरा. थांबला. ओठ हलले, हलतच राहिले. दुसरा फेरा. थांबला. मध्येच कुणीतरी म्हणालं, "काका, आमच्या मामांना पण," त्यानं मान हलवली. तिसरा.

नळावरची रांग सावकाश पुढं सरकत होती. कुणालाच घाई नव्हती. भोंगा होऊन गेला तरी बाजाराला धो धो पाणी होतं. न्हाव्यानं तर नळी लावून दुकानापुढचा रस्ता धुवायला काढला होता.

ती बाकावरून उठली. डबे तिथंच राहिले. खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

"काका, काय करताय?"

"बंद करतोय की."

"बंद करताय? की अजून वाटताय?"

काकानं डोळे उघडले.

"लहानपणी बाबांबरोबर यायची मी," ती म्हणाली. तिचा आवाज चढत चालला होता. "उघडताना ते थांबायचे. बंद करताना कधी थांबलेले मला आठवत नाहीत. सावकाश, पण एका दमात. मी विचारलं होतं, बाबा, आता कुणाला नाही का घेत? तर म्हणाले, आता टेकडीवरचे वाट बघतायत."

न्हाव्याच्या नळीतून पाणी वाहत होतं, गटाराकडे. काकानं त्या पाण्याकडे पाहिलं. मग चावीकडे. मग, दिसत नव्हती तरी, धुक्यात जिथं टाकी होती तिकडे. त्याचा चेहरा असा झाला की चहावालीनं हातातली किटली खाली ठेवली.

"माझ्या बापाचं पाणी," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या गावाच्या गुडघ्यांना वाटलंत."

न्हाव्यानं नळी बंद केली.

काकानं उरलेले फेरे दिले. थांबला नाही. एकदम धसमुसळेपणानेही दिले नाहीत, हात जाणते होते. मग तडक जाऊन टेकडीची चावी उघडली. पण त्या दिवशी व्हायचं ते होऊन गेलं होतं. टाकी निम्म्याखाली होती. वरचे नळ खोकले आणि गप्प बसले. लेकीचे डबे चहावालीनं आपल्या पिंपातून भरून दिले, ते काकानं वाहिले. दारात डबे ठेवून तो आत न जाता परतला.

रविवार उजाडला तेव्हाही धुकं होतं. खड्ड्यापाशी माणसं नेहमीसारखीच होती, पण जरा मागं सरकून. काकानं बाजार उघडला. उघडताना थांबला, नावं घेतली, जेवढे फेरे तेवढीच. बाकीची डोक्यात गर्दी करून उभी होती. रात्रभर तीच झोपू देत नव्हती. कुणाला गाळायचं? मास्तरांच्या बायकोचा भाऊ? हरवलेल्या म्हशीचा मालक? आपण नाही सांगितलं तर त्यांचं कोण सांगणार?

भोंगा झाला. चावी लावली. टक्क.

हाताला सवय होती थांबायची. पहिल्या फेऱ्याला हात आपोआप अडला. आणि तिथं, मूठ धरून, काका देवाशी जे बोलला ते एवढंच होतं: "यातला प्रत्येक माणूस मी सांगायच्या आधीच तुला ठाऊक होता. आता मला टेकडीवर जायचंय. तू बघ."

आणि त्यानं चावी फिरवली. फेऱ्यामागून फेरा, सावकाश, एका दमात. नावं येत होती आणि जात होती, घामासारखी. शेवटचा फेरा आला, वस्तादांचा. त्या फेऱ्याला तो वर्षभर सगळ्यात जास्त रेंगाळला होता. त्यानं तोही फिरवला. दांडा घट्ट बसला. बाजारातल्या नळांची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली आणि थांबली.

"अहो, माझी कळशी!" कुणीतरी ओरडलं.

"उद्या लवकर लावा," चहावाली म्हणाली. काकाकडे न बघता.

तो टेकडीकडे निघाला होता. पळत नव्हता, पण मफलर मागं उडत होता. टेकडीची चावी पायऱ्यांच्या तळाशी. ती त्यानं उघडली तेव्हा मात्र वस्तादांच्या शिकवणीप्रमाणे थांबला, एकेका फेऱ्याला एकेक घर घेत गेला. त्या गल्लीतली कोणती घरं कधी शेवटची घेतली होती, हे त्याला आठवेना. कित्येकांची तर आता नावंच ठाऊक नव्हती. "खिडकीत जुनं पोतं लावलंय ते घर," तो म्हणाला. "रंग गेलेल्या दाराचं घर."

मग पायऱ्या चढून वर गेला. दारात उभा राहिला, आत जायचा धीर होईना.

आत नळ खोकला. फुसफुसला. गंजाचं लाल पाणी थुंकला. आणि मग अशी धार सुटली की खालचं घमेलं उलटं झालं. लेक धावली. हाताला येईल ते भांडं खाली सरकवू लागली. घमेलं, पातेलं, मशीनचं झाकणसुद्धा.

"नुसते बघताय काय काका? पिंप ओढा इकडे!"

त्यानं पिंप ओढलं. ते भरत असताना तो खाटेपाशी जाऊन बसला, जमिनीवर, वस्तादांच्या तोंडाजवळ. आणि सगळं सांगितलं. गुडघे, म्हैस, मास्तरांच्या बायकोचा भाऊ, बंद करतानाचे फेरे. "आणि सगळ्यात जास्त वेळ तुमच्यासाठी थांबायचो वस्ताद," तो म्हणाला. "तुम्हाला पाणी मिळावं म्हणून."

वस्तादांच्या चेहऱ्याची हलणारी बाजू थरथरू लागली. काकाला वाटलं, रडतायत. तो घाबरून उठला. पण मग घशातून आवाज आला आणि लेक हातातलं पातेलं तसंच धरून वळली. वस्ताद हसत होते. अर्ध्या तोंडानं, खोकत, डोळ्यांतून पाणी गाळत हसत होते. हसता हसता कसाबसा एक शब्द बाहेर काढला.

"गा...ढवा."

"हो," काका म्हणाला. त्यालाही हसू आवरेना.

वस्तादांनी चांगला हात उचलला, काकाचं मनगट पकडलं. हसू ओसरल्यावरही धरून ठेवलं. "घे," ते म्हणाले. बराच वेळ झगडून पुढचा शब्द आला. "घेत... जा."

लेकीनं ऐकलं. गरम पाण्याला भांडं चढवलं, स्वच्छ कापड काढलं. दोघांनी मिळून वस्तादांना कुशीवर वळवलं, आणि तिनं पाठीच्या जखमा धुतल्या. पहिल्यांदाच पाण्याकडे न बघता, भरपूर.

"सोमवारची गाडी नको म्हणून कळवते," ती म्हणाली. मान खाली घालूनच. "तूर्तास. एक दिवस जरी कोरडा गेला ना काका, तर परत बोलावीन. मला ते जमणार नाही."

"बोलाव," काका म्हणाला. "आणि आधी मला बोलाव."

"तुम्हाला कशाला? तुम्ही कुणाच्या तरी म्हशीत असाल."

तिनं भिजलेल्या चादरीचं एक टोक त्याच्यापुढं केलं. पिळून झाल्यावर त्यानं ती गॅलरीतल्या दोरीवर टाकली, कडा जुळवल्या आणि निघाला. टेकडी बंद करायची वेळ झाली होती.

ती त्यानं एका दमात बंद केली आणि तिथून टाकीवर गेला. धुकं आता विरळ झालं होतं. आठवडा झाला, टाकीच्या तोंडावरची जाळी साफ करायची राहिली होती. शिडी चढून त्यानं ती उचलली, मांडीवर आडवी घेतली आणि पत्र्याच्या तुकड्यानं शेवाळ खरवडू लागला. खरवडता खरवडता तो न्हाव्याच्या सासूच्या गुडघ्यापाशी आला. इथं थांबायला हरकत नव्हती. जाळी बरीच मोठी होती.